पापणी डोळ्याला चिकटते तेव्हा



डोळ्यात चुना उडाला किंवा संडास धुण्याच्या ॲसिडचा थेंब गेला की घरात धावपळ होते. कोणी फुंकर घालते, कोणी पाणी आणते, कोणी रिक्षा बोलावते. दवाखान्यातून थेंब मिळतात. आठ-दहा दिवसांत आग थांबते, लाली उतरते आणि घरातले सगळे आपापल्या कामाला लागतात. मग महिना-दीड महिन्याने कोणाच्या तरी लक्षात येते, की त्या डोळ्याची खालची पापणी आत ओढल्यासारखी दिसते. वर बघ म्हटले तर एक डोळा वर जातो, दुसरा मध्येच अडतो. पापणी बोटाने खाली ओढून पाहिली तर पापणी आणि डोळा यांच्यामध्ये कातडीचा पट्टा ताणलेला दिसतो.

यालाच डॉक्टर सिम्ब्लेफेरॉन म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे: पापणीची आतली बाजू डोळ्याच्या गोळ्याला चिकटणे. हा त्रास साथीसारखा पसरत नाही आणि फार लोकांना होत नाही. पण ज्याला होतो त्याची नजर जाऊ शकते. शिवाय तो ज्या गोष्टींमुळे होतो त्यांपैकी पुष्कळशा आपल्या घरात, मोरीत आणि कामाच्या ठिकाणी रोज हाताळल्या जातात. म्हणून त्याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

या लेखातील एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पापणी चिकटण्यापासून वाचवण्याच्या वेळा दोन आहेत. पहिली वेळ म्हणजे अपघातानंतरची पहिली काही मिनिटे. दुसरी वेळ म्हणजे त्यानंतरचे काही आठवडे, जेव्हा सगळ्यांना वाटते की धोका टळला. पहिल्या वेळेबद्दल थोडेफार लोकांना ठाऊक असते. दुसरी वेळ मात्र बहुतेकांच्या हातून निसटते.

आत नेमके काय होते?

आरशासमोर उभे राहून खालची पापणी हलकेच खाली ओढा. आत ओलसर, गुलाबी अस्तर दिसेल. हे अस्तर पापणीच्या आतून खाली जाते, तळाशी वळते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर चढते. म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक खोबण असते, शर्टाच्या खिशासारखी. वरच्या पापणीखालीही अशीच खोबण आहे. या अस्तराला नेत्रश्लेष्मला म्हणतात. त्यातून पातळ चिकट स्राव पाझरतो, त्यात अश्रू मिसळतात आणि डोळा दिवसभर ओला व गुळगुळीत राहतो. आपण मिनिटाला अनेकदा पापण्या मिटतो, तरी कुठे घासत नाही, ते यामुळेच.

आता चपात्यांचे उदाहरण घ्या. लाटलेल्या चपात्या पीठ न भुरभुरता एकीवर एक ठेवल्या तर थोड्या वेळाने त्या एकमेकींना चिकटतात. मग वेगळ्या करायला गेलो की फाटतात. डोळ्यातही तसेच होते. चुन्याने किंवा ॲसिडने पापणीचे आतले अस्तर सोलले गेले आणि समोरच्या पांढऱ्या भागावरचे अस्तरही सोलले गेले, तर दोन कच्च्या जखमा समोरासमोर येतात. जखम भरताना शरीर दोन्ही बाजूंनी नवी कातडी आणि व्रणाचे धागे तयार करते. मध्ये वेगळे ठेवणारे काही नसेल तर दोन जखमा मिळून एकच होते आणि खोबण बुजते.

यातून पुढे काय होते? डोळा सगळीकडे फिरत नाही, म्हणून कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात. पापणी पूर्ण मिटत नाही, झोपेतही डोळा थोडा उघडा राहतो. स्राव आणि अश्रू कमी पडून डोळा कोरडा होतो. पापणीची कड आत वळली तर पापण्यांचे केस बुबुळावर घासत राहतात. बुबुळावरची जी पारदर्शक काच आहे, म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया, तिच्यावर व्रण पडतो, ती पांढरी होते आणि नजर अधू होते. काही वेळा चिकटलेला पट्टा थेट या काचेवरच चढतो.

कशाशी गल्लत करू नये?

डोळे येतात तेव्हा सकाळी पापण्या पुवाने एकमेकींना चिकटतात. कोमट पाण्याने धुतले की त्या उघडतात. तो वेगळा त्रास आहे. उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळावर त्रिकोणी मांस वाढते, तेही वेगळे. झटपट चिकटवायच्या गोंदाचा थेंब पडून पापण्यांचे केस चिकटतात, तेही वेगळे. मात्र तेव्हा ओढून उघडायचा प्रयत्न न करता नेत्रतज्ज्ञाकडेच जावे. सिम्ब्लेफेरॉनमध्ये पापणी पापणीला चिकटत नाही, ती डोळ्याच्या गोळ्याला चिकटते आणि धुऊन सुटत नाही.

चुना इतका धोक्याचा का?

आपल्याकडे ॲसिडची भीती सर्वांना असते. चुन्याची नसते, कारण तो पानाला आणि तंबाखूला लावून खाल्ला जातो. पण डोळ्यासाठी चुना हा पुष्कळदा ॲसिडपेक्षा वाईट असतो.

ॲसिड डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठवते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसे. या गोठलेल्या थरामुळे ॲसिडला आत घुसायला थोडा अडथळा होतो. याचा अर्थ ॲसिड सौम्य आहे असा नाही. तीव्र ॲसिडने डोळा जातोच. चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया हे पदार्थ मात्र अल्क म्हणजे क्षार आहेत. ते पेशींच्या चरबीचा साबण करून टाकतात आणि वाट मोकळी करत खोल उतरतात. त्यात चुन्याचे कण चिकट असतात. ते पापणीखालच्या खोबणीत अडकून बसतात आणि तिथूनच तासन्‌तास झिरपत राहतात. वरून डोळा धुतला तरी आत लपलेला कण जाळत असतो.

चुन्याच्या छोट्या ट्यूब आणि पुड्या लहान मुलांच्या हाती सहज लागतात. मूल ती दाबते, तोंड बंद असेल तर ती फुटते आणि चुना जोरात थेट डोळ्यात उडतो. मूल उंचीने लहान, चेहरा जवळ, आणि घाबरून ते डोळा घट्ट मिटते. त्यामुळे चुना आत कोंडला जातो. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा मुलांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार दिलेल्या आहेत.

चुन्याबरोबर आणखी कशाकशाची काळजी घ्यायची, ते पाहा: भिंतींना देण्याचा चुना, ओले सिमेंट (त्यातही चुना असतो), तुंबलेली मोरी मोकळी करण्याचे कॉस्टिक सोड्याचे दाणे, संडास व फरशी धुण्याचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर, बॅटरीचे पाणी, फटाके, उकळते तेल आणि वितळलेला धातू.

पहिली मिनिटे: आधी पाणी, मग रिक्षा

यातले काहीही डोळ्यात गेले तर दवाखान्याकडे धावण्याआधी डोळा धुवा. दवाखाना कितीही जवळ असला तरी. चार मिनिटांवरच्या डॉक्टरपेक्षा चार पावलांवरचा नळ त्या क्षणी जास्त उपयोगाचा आहे.

१. कोरडी पावडर असेल तर चेहऱ्यावरची आणि पापण्यांवरची पावडर स्वच्छ फडक्याने चटकन झटका. यात वेळ घालवू नका. जळलेल्याच्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा.

२. माणसाला कुशीवर झोपवा किंवा मान वाकवा. ज्या डोळ्यात गेले तो डोळा खाली राहिला पाहिजे, म्हणजे धुतलेले पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही.

३. एकाने दोन बोटांनी पापण्या उघड्या धराव्यात. माणूस डोळा स्वतःहून उघडणार नाही, कारण आग भयंकर असते. लहान मूल असेल तर त्याला चादरीत हातांसकट गुंडाळून धरा.

४. दुसऱ्याने नळाखाली, किंवा तांब्याने, मगाने, बाटलीने सतत धार सोडावी. धार हळू पण न थांबता. निदान अर्धा तास. चुना असेल तर त्याहूनही जास्त वेळ. मध्ये मध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा.

५. नळाला पाणी नसेल तर पिण्याच्या पाण्याचा हंडा वापरा. पाणी उकळून गार करण्याची वाट पाहू नका. त्या घडीला घरात असलेले स्वच्छ पाणी हेच औषध.

६. वरच्या पापणीखाली किंवा खालच्या खोबणीत चुन्याचा गोळा दिसत असेल आणि सहज येत असेल तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद उचला. घासू नका, खरवडू नका.

७. मग १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात जा. वाटेतही बाटलीने पाणी सोडत राहा. जे डोळ्यात गेले त्याची ट्यूब, पुडी किंवा बाटली सोबत न्या.

काही समज मनातून काढून टाकले पाहिजेत. चुन्यावर पाणी टाकले की तो उकळतो, म्हणून डोळ्यात पाणी घालू नये, असे काही जण सांगतात. पाण्याने तापतो तो कळीचा चुना. खायचा चुना आधीच विरलेला असतो. आणि कळीचा चुना असला तरी कण झटपट उचलून भरपूर पाण्याची धार सोडणे हाच उपाय आहे, कारण डोळ्यात अश्रू असतातच आणि थोड्या ओलाव्यात तो जास्त जाळतो. ॲसिड गेले तर सोडा घाला, चुना गेला तर लिंबू पिळा, हा तर दुसरा भाजण्याचा प्रकार झाला. तूप, मध, दूध, आईचे दूध, गुलाबपाणी, तेल यांपैकी काहीही घालू नका. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका.

रुग्णालयात पोहोचल्यावर घाबरून गप्प बसू नका. डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट विचारा: “डॉक्टरसाहेब, पापणी उलटवून आतले चुन्याचे कण काढले का? डोळ्यातला क्षार गेला की नाही ते कागदाने तपासले का?” क्षार किंवा आम्ल तपासायचा एक साधा कागद असतो. तो डोळ्याच्या खोबणीला लावतात आणि त्याचा रंग नेहमीसारखा येईपर्यंत सलाईनने डोळा धूत राहतात. लहान मुलांना कधी कधी भूल देऊनच आतले कण काढावे लागतात. त्याला नकार देऊ नका.

डोळा पांढरा दिसतो म्हणजे बरा झाला का?

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. भाजल्यानंतर डोळा लाल दिसला तर आपण घाबरतो आणि पांढरा दिसला तर सुटकेचा श्वास टाकतो. क्षाराने भाजलेल्या डोळ्यात उलटे असू शकते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्याच जळून गेल्या तर डोळा चिनी मातीच्या बशीसारखा पांढरा फटक दिसतो. मज्जातंतू जळाले तर दुखतही कमी. म्हणजे कमी दुखणारा, पांढरा डोळा हा सर्वात जास्त भाजलेला असू शकतो. तेव्हा दुखण्यावरून किंवा रंगावरून घरी निदान करू नये.

आता दुसऱ्या वेळेकडे येऊ. जखमा एकमेकींना चिकटायला अपघातानंतर काही दिवसांतच सुरुवात होते आणि व्रण आवळत जाण्याचे काम पुढे अनेक आठवडे चालते. सुरुवातीचे चिकटणे कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक असते. नेत्रतज्ज्ञ डोळा बधिर करून, मलम लावलेली काचेची गुळगुळीत कांडी खोबणीतून फिरवून ते मोकळे करू शकतात. दोन जखमा वेगळ्या राहाव्यात म्हणून पापणीखाली प्लास्टिकची कडी बसवतात. जास्त भाजले असेल तर डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पडदा लावतात. त्याची माहिती पुढे आहे. हे सगळे वेळेत झाले तर खोबण वाचू शकते. व्रण पिकून घट्ट झाल्यावर तेच काम मोठ्या शस्त्रक्रियेचे होते.

म्हणून पहिल्या महिन्यात डॉक्टर ज्या दिवशी बोलावतील त्या दिवशी जायचेच, आग थांबली असली तरी. रोजंदारी बुडते, मुंबईत लोकलची गर्दी असते, रुग्णालयात रांग असते, हे सगळे खरे आहे. तरीही चार खाडे परवडतात, डोळा परवडत नाही. घरातल्या एकाने जाणे जमत नसेल तर शेजारी, नातेवाईक, मंडळाचे कार्यकर्ते यांच्यात पाळी लावा. घरी काचेची कांडी किंवा बोट फिरवून पापणी सोडवण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नका. मिळालेले थेंब ठरलेल्या वेळी घाला. त्यांत स्टिरॉइड असेल तर ते डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस. मेडिकलमधून परस्पर पुन्हा आणून घालत राहिलात तर काच पातळ होऊ शकते, डोळ्यातला दाब वाढू शकतो.

औषधाची रिॲक्शन आणि डोळे

पापणी चिकटण्याचे दुसरे मोठे कारण डोळ्याबाहेरचे आहे. काही लोकांना एखादे औषध सोसत नाही आणि अंगभर भाजल्यासारखी रिॲक्शन येते. 1922 मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी दोन लहान मुलांमध्ये हा आजार पाहून त्याचे वर्णन लिहिले. त्यावरून त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. त्या पहिल्या वर्णनातच तोंडाबरोबर डोळ्यांच्या जखमांचा उल्लेख होता.

नवे औषध सुरू केल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, ताप येतो, घसा दुखतो, डोळे लाल होतात. मग अंगावर गडद लाल चट्टे उठतात, फोड येतात, ओठ आणि तोंड सोलवटते, लघवीच्या जागी जखमा होतात. फिट येण्यावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधे, सल्फाच्या गोळ्या, वाढलेल्या युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल, एचआयव्हीवरचे नेव्हिरॅपिन आणि काही वेदनाशामक गोळ्या यांच्याशी ही रिॲक्शन जोडलेली आहे.

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, ही रिॲक्शन फार विरळा आहे. ही यादी वाचून फिटची किंवा एचआयव्हीची गोळी कोणीही मनाने बंद करू नये. तसे करणे जिवावर बेतू शकते. दोन, नवी गोळी सुरू असताना ताप, तोंडात फोड, लाल डोळे आणि अंगावर चट्टे एकत्र दिसले तर ती गोवर-कांजिण्या समजून घरी बसू नका. अंगात काही आले आहे असे म्हणून दोन दिवस घालवू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्या.

असा रुग्ण त्वचारोगाच्या किंवा मेडिसिनच्या वॉर्डात दाखल होतो. जीव वाचवण्याची लढाई चालू असते आणि मिटलेल्या डोळ्यांकडे लक्ष जायला उशीर होतो. रुग्ण बरा होऊन घरी येतो तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या पापण्या चिकटलेल्या असतात. म्हणून पहिल्याच दिवशी नातेवाइकांनी म्हणावे: “डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावा.” नेत्रतज्ज्ञांनी वॉर्डात येऊन वारंवार डोळे पाहायला हवेत. गर्भवेष्टनाचा पडदा लावायची गरज असेल तर तो पहिल्या आठवड्यात लावल्यास सर्वात जास्त उपयोग होतो. बरे झाल्यावर ज्या औषधाने हे झाले त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ते कार्ड कायम जवळ ठेवा. ते औषध त्या माणसाला आयुष्यात पुन्हा द्यायचे नाही.

म्हातारपणी हळूहळू चिकटणारी पापणी

साठीच्या पुढच्या काही माणसांत, विशेषतः स्त्रियांत, काहीही भाजलेले नसताना दोन्ही डोळ्यांच्या खोबणी हळूहळू बुजत जातात. आजीचे डोळे महिनोन्‌महिने लाल राहतात, खुपतात, केस आत वळतात, तोंडातही वारंवार फोड येतात. घरचे म्हणतात, वयामुळे होते. खरे तर हा शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अस्तरावर उलटल्याचा आजार असू शकतो. पेम्फिगॉइड असे त्याचे नाव. यात बारीक तुकडा काढून तपासतात आणि प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्या देतात. आधी आजार शांत न करता नुसती शस्त्रक्रिया केली तर चिकटणे वाढू शकते. थेंब घालूनही डोळे महिनाभर लालच राहत असतील तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

जुन्या पिढीतील काहींना लहानपणी खुपऱ्या झालेल्या असतात. त्यांच्याही पापण्या आतून आक्रसतात आणि केस आत वळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांची सार्वजनिक आरोग्य समस्या संपल्याचे जाहीर केले. पण ज्यांच्या पापण्यांवर जुने व्रण आहेत, त्यांना उपचार लागतोच.

चिकटलेली पापणी सोडवता येते का?

येते, पण सगळ्यांची सारखी नाही. चिकटलेला भाग लहान असेल, नजरेला आणि डोळ्याच्या हालचालीला अडथळा नसेल तर डॉक्टर नुसते थेंब देऊन लक्ष ठेवतात. अडथळा असेल तर शस्त्रक्रिया करतात. नुसता पट्टा कापून भागत नाही. कापले की पुन्हा दोन कच्च्या जखमा समोरासमोर येतात आणि पुन्हा चिकटतात. म्हणून कापलेल्या जागी नवे अस्तर लावावे लागते.

हे अस्तर दोन ठिकाणांहून मिळते. एक म्हणजे रुग्णाच्याच ओठाच्या किंवा गालाच्या आतली पातळ ओली कातडी. तोंडातली ही जखम लवकर भरते. दुसरे म्हणजे गर्भवेष्टन. बाळ पोटात ज्या पिशवीत असते तिचा सर्वात आतला पातळ पडदा. सिझेरियन झालेल्या मातेच्या संमतीने, वारेबरोबर बाहेर आलेला हा पडदा घेतात, त्या मातेच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी करतात आणि पडदा निर्जंतुक करून साठवतात. या पडद्यामुळे सूज कमी होते, व्रण कमी होतो आणि नवी कातडी त्याच्यावरून सरकत वाढते. भाजलेल्या डोळ्यांवर तो वापरल्याची नोंद 1940 च्या दशकातील इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी केलेली आहे. मध्यंतरी ही पद्धत मागे पडली आणि 1990 च्या दशकात पुन्हा जगभर रुजली. जी वार आपण टाकून देतो, तिच्यातला एक पडदा कोणाचा तरी डोळा वाचवतो.

पुष्कळदा भाजल्यामुळे बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशीही मरतात. काचेवरची कातडी सतत नवी करण्याचे काम याच पेशी करतात. त्या नसतील तर नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवूनही ते टिकत नाही. अशा वेळी रुग्णाच्या चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा बारीक तुकडा घेऊन, त्याचे आणखी बारीक कण करून, ते भाजलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाच्या पडद्यावर पेरतात. रोपे लावावीत तसे. ही सोपी आणि कमी खर्चाची पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि 2012 मध्ये जगापुढे मांडली. आज ती इतर देशांतही वापरली जाते. तेव्हा “आता काही होणार नाही” असे ऐकून वर्षानुवर्षे घरी बसलेल्या माणसानेही एकदा कॉर्नियाच्या तज्ज्ञाला दाखवावे. नजर पूर्ण परत येईलच असे नाही, पण पापणी मिटू लागणे, केस टोचणे थांबणे हाही मोठा दिलासा असतो.

कामाची जागा आणि आपला हक्क

आपल्यातील कित्येक जण साफसफाई, रंगकाम, बांधकाम, गटारकाम, बॅटरी दुरुस्ती या कामांत आहेत. डोळ्यांना सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा मालकाने, ठेकेदाराने द्यायला हवा. तो मागणे म्हणजे उपकार मागणे नाही. कामाच्या जागी पाण्याचा भरलेला ड्रम आणि मग असलाच पाहिजे, हे मुकादमाला सांगा. कामावर डोळा गेला तर कायद्याने भरपाई मागता येते. ईएसआयचे कार्ड असेल तर त्या योजनेतून उपचार आणि लाभ मिळतात. अपघाताच्या दिवसाचा केसपेपर जपून ठेवा, त्यावर “कामावर असताना” असे लिहून घ्या.

कोणी मुद्दाम ॲसिड फेकले असेल तर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसात जा मग बघू, असे म्हणता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्लाग्रस्तांचा स्वतंत्र समावेश आहे.

खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

आज घरी करायच्या गोष्टी

चुन्याची ट्यूब, चुनाळे, तंबाखूची चंची मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. तंबाखूच सुटली तर त्याहून उत्तम. ॲसिड आणि मोरी मोकळी करण्याचे दाणे पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. संडास धुताना बाटली चेहऱ्यापासून लांब धरून उघडा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. घरात पाण्याचे एक भांडे कायम भरलेले असू द्या.

आणि हे पान कापून मोरीजवळ किंवा दाराच्या मागे चिकटवा. महिला मंडळाच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही पोहोचेल. मुलांना दोन वाक्ये पाठ करायला लावा: डोळ्यात काही गेले तर आधी अर्धा तास पाणी. दुखणे थांबले तरी महिनाभर डोळ्यांचा डॉक्टर.